काचा बंद, टप उघडा

आईचं ड्रायव्हिंग लायसन्स कित्येक वर्षं फक्त विमानतळावर पर्सबाहेर यायचं. गेटवरचा जवान फोटो बघायचा, आईकडे बघायचा, मान हलवायचा. काम संपलं. बाकी वेळ ते मेट्रो कार्डाच्या मागच्या कप्प्यात पडून असायचं. मुदत संपत आली की आई न चुकता ते नवं करून आणायची. बाबा विचारायचे, अगं कशाला हा खटाटोप? आई म्हणायची, ओळखपत्र म्हणून बरं पडतं.

म्हणजे बघा. सरकारने एका बाईला गाडी चालवायचा परवाना दिला, आणि तो दाखवून ती फक्त आपण आपणच आहोत एवढं सिद्ध करत होती. मला याची चीड यायची.

चीड मला तशी बऱ्याच गोष्टींची येते, ते माझं कामच आहे. आम्ही काही जण नोएडात पायी चालणाऱ्यांच्या बाजूने बोलतो. इथे सेक्टरांना नंबर आहेत, रस्ते विमान उतरेल इतके रुंद आहेत, आणि ते पायी ओलांडायची सोय काय, तर दुभाजकाच्या जाळीला कुणीतरी पाडलेलं भगदाड. यावर आम्ही हिंदीत पर्चे लिहितो आणि मेट्रोच्या जिन्याखाली वाटतो. मी स्वतः लायसन्स काढलेलंच नाही. तत्त्व म्हणून. आई म्हणते, "तुझं तत्त्व बाबांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून फिरतं."

आई केंद्र सरकारच्या नोकरीत होती. नोकरीची सगळी वर्षं ती चार्टर्ड बसने, म्हणजे एका भागातल्या कर्मचाऱ्यांनी मिळून ठरवलेल्या खासगी बसने, नोएडाहून कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या ऑफिसात गेली. खिडकीशी बसून तिने मटार सोलले, स्वेटर विणले, आणि पुढचा ड्रायव्हर काय काय चुकतो ते बघितलं. मग नोकरीत असतानाच गाडी शिकली. चांगली शिकली. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर ती चालवायला लागली की चहाचा कप हातात धरून बसता यायचं.

अडचण समोरून दुसरी गाडी आली की सुरू व्हायची. आई थांबायची. त्यातून समोरच्याने डिपर मारला, म्हणजे हेडलाइटची उघडझाप केली, की तर हमखास. आपल्याकडे त्याचा अर्थ एकच आहे: मी येतोय, तू हो बाजूला. आई बाजूला व्हायची. मागचे हॉर्न मारायला लागायचे, बाबा शेजारून "निकल, निकल" करायचे, आणि आईच्या मानेवर घाम यायचा. बाबांचं मत ठरलेलं होतं. "दिल्लीत गाडी चालवणं म्हणजे गाडी चालवणं नव्हे, भांडण आहे. आणि तुला भांडता येत नाही."

शेवटचा प्रयत्न पानिपतचा. संक्रांतीच्या दिवशी इथली मराठी माणसं काला अंबला जातात, लढाईच्या स्मारकाशी. मंडळाची बस निघते. त्या वर्षी आई म्हणाली, आपण बसने नको, मी नेते. मुरथलपर्यंत तिने नेलीसुद्धा. तिथे पराठे खाल्ले, सर्व्हिस रोडला गाडी काढली, आणि समोरून उलट्या दिशेने एक टेम्पो डिपर मारत आला. आई थांबली. बाबा म्हणाले, निकल. ती निघाली तोवर तोही निघाला होता. आमचा उजवा आरसा गेला. टेम्पोवाला खाली उतरला आणि आईकडे न बघता बाबांना म्हणाला, "अंकल, लेडीज को क्यों दे देते हो?"

दिशा त्याची उलटी. चूक त्याची. बाबा त्याच्याशी भांडले, पण ते आरशाबद्दल. मग त्यांनी आईशी जागा बदलली आणि गाडी घराकडे वळवली. परतीच्या वाटेवर आई एकदाच बोलली.

"मराठे निदान पानिपतपर्यंत पोचले तरी होते."

त्यानंतर चावी बाबांच्या खिशात राहायला लागली. कुणी काढून घेतली असं नाही, आईने मागितली असंही नाही. आमच्या घरात बऱ्याच गोष्टी अशाच ठरतात, ठराव न होता.

आईचा मोठा भाऊ दक्षिण जर्मनीतल्या एका लहान गावात आयुष्यभर नोकरी करून तिथेच राहिला. मामी गेल्यावर मामाने एक शौक केला. लाल रंगाची, दोनच सीटांची, कापडी टप मागे दुमडता येणारी स्पोर्ट्स कार घेतली. नवी नव्हे, आधी दोनतीन जणांनी चालवलेली. व्हिडिओ कॉलवर तो आम्हाला तिचं इंजिन ऐकवायचा, आणि मी धुराबद्दल दोन शब्द ऐकवायचे. गेल्या वर्षी त्याच्या डोळ्यांच्या मध्यभागी धुकं साचायला लागलं आणि डॉक्टरांनी गाडी बंद केली. त्याची मुलगी पोर्तुगालमध्ये असते. गाडी तिला द्यायची ठरली, पण तिला तान्हं बाळ सोडून न्यायला येणं शक्य नव्हतं. ट्रकवर चढवून पाठवता आली असती. मामा म्हणाला, ते म्हणजे गाडीला तिरडीवर पाठवल्यासारखं.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दादा, मी नेते."

बाबा आधी हसले. मग आईचा चेहरा बघून हसायचे थांबले. त्यांनी समजावून सांगितलं की तिकडे स्टिअरिंग डाव्या बाजूला असतं, रस्ता उजव्या बाजूने असतो, सगळंच उलटं असतं.

"मग बरंच झालं," आई म्हणाली. "ह्या बाजूचं मला येत नाही म्हणता ना?"

बाबांचे गुडघे त्या ठेंगण्या गाडीत दुमडणारे नव्हते, आणि खरं तर त्यांना यायचंही नव्हतं. मी इथून लक्ष ठेवतो, म्हणाले. राहिले मी. नकाशा वाचायला कुणीतरी हवं होतं. मला स्पोर्ट्स कार ही वस्तू मुळात पटत नाही: दोन माणसं, एवढं इंजिन, एवढं पेट्रोल, आणि वर आवाज. मी तसं आईला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, मग बोलत बस, रस्ता लांब आहे. आमच्या गटातल्यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, यार, अब क्रांति कन्वर्टिबल में आएगी. मी आईला एक अट घातली, गाडीत बसलेला माझा फोटो काढायचा नाही. तिने कबूल केलं. तिच्याकडे फोटो काढायला मोकळा हात राहणारच नव्हता.

रविवारी तिकडे दुकानं बंद असतात. मामाने एका मोठ्या दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आईला शिकवायला घेतलं. गाडी इतकी खाली होती की आईला आधी सीटवर टेकून मग दोन्ही पाय एकदम आत घ्यावे लागत. सलवार-कुर्ता, पायात पांढरे बूट, डोक्याला माझा रुमाल. इंडिकेटर आपल्या सवयीच्या उलट्या बाजूला, त्यामुळे दर वळणाला कोरड्या काचेवर वायपर फिरायचे. गियरसाठी डावा हात जायचा आणि दारावर आपटायचा. मामाला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. तो खिडकीबाहेर बघत फक्त ऐकत होता. "क्लच अर्धा आहे तुझा. पूर्ण सोड. हां. आता खूश आहे ती." निघताना तो गाडीच्या बोनेटवर हात ठेवून उभा राहिला, मग आईच्या डोक्यावर ठेवला. क्रम असा होता.

मोठ्या रस्त्यावर आई शहाण्यासारखी उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे राहिली. डावीकडून गाड्या बाणासारख्या जात होत्या. नोएडात बाबांच्या फोनवर आम्ही एक निळा ठिपका होतो. त्यांचा फोन आला. ठिपका फारच सावकाश सरकतोय, बिघडली का? मी सांगितलं, बिघडली नाही, आईला ट्रकांमागे राहायला आवडतंय. ते म्हणाले, डावीकडे ठेव म्हणावं. मी म्हटलं, बाबा, इथे डावीकडे ठेवलं तर पेपरात येऊ.

ऑस्ट्रियात आम्ही मुद्दाम लहान रस्त्याला लागलो. आईला टप उघडून डोंगरातून जायचं होतं. तेवढी तिची एक हौस होती. ऊन स्वच्छ होतं. दोन्ही बाजूंना कापलेलं गवत वाळत पडलं होतं आणि त्याचा वास थेट गाडीत येत होता. मला तक्रार करायला काही सापडेना. एका वळणावर रस्ता अचानक अरुंद झाला. एका बाजूला गोठ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा, मधून एकच गाडी जाईल एवढी जागा. पलीकडून पार्सलची एक पांढरी व्हॅन आली. तिने डिपर मारला.

आई थांबली. गाडी भिंतीशी घेतली.

व्हॅन येईना. पुन्हा डिपर. आईने गाडी आणखी मागे घेतली. आमच्यामागे एक गाडी आली, तिच्यामागे ट्रॅक्टर. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं, आणि त्यानेच जास्त भीती वाटत होती. व्हॅनने तिसऱ्यांदा डिपर मारला. मग तिचं दार उघडलं आणि एक उंच माणूस उतरून आमच्याकडे चालत यायला लागला.

दिल्लीत गाडीतून उतरून चालत येणारा माणूस कशाला येतो हे आम्हाला पक्कं ठाऊक. आम्ही दोघींनी एकमेकींना न सांगता सगळं बरोबर केलं. आईने दारं लॉक केली. दोन्हीकडच्या काचा सरसर वर घेतल्या. मी फोनचा कॅमेरा सुरू केला आणि तोंडात पर्चातलं पहिलं वाक्य तयार ठेवलं. टप पूर्ण उघडा होता.

तो माणूस आला, बंद काचेपाशी क्षणभर थांबला, काचेकडे बघितलं, मग जिथे काच संपत होती तिथून वरून आत वाकला. आईच्या डोक्यावर आभाळ आणि त्याचा चेहरा. मोडक्या इंग्रजीत तो फार नम्रपणे म्हणाला की मी तुमच्यासाठी थांबलोय. तुम्ही या. मी लाइट दिला ना?

आईने त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "म्हणजे ह्यांच्याकडे ते 'तू ये' असतं?"

मी कॅमेरा बंद केला. आईने काच खाली घेतली, जिची आता काहीच गरज नव्हती, आणि त्याला थँक यू म्हणाली. तो परत गेला, व्हॅन आणखी थोडी मागे घेतली, आणि आम्ही गोठ्याला खरचटू न देता त्या फटीतून बाहेर पडलो. मागच्या ट्रॅक्टरवाल्याने हात हलवला. आईने त्यालाही हलवला. बरंच अंतर गेल्यावर ती हसायला लागली, इतकी की बाजूला थांबावं लागलं. "काचा गं," ती म्हणत होती, "काचा लावल्या मी."

मी हसले, पण मला रागही आला. त्या माणसावर नाही. आपण बायकांनी रस्त्यावर काय काय पाठ केलंय, याचा. दार, काच, कॅमेरा. कुणी शिकवलं नव्हतं, तरी दोघींचं एकसारखं.

आईचा मुद्दा वेगळा होता. ती म्हणाली, चला, शिकले. दिवा म्हणजे ये.

दुसऱ्या दिवशी इटलीत लागलो. एका तळ्याकाठच्या गावात असाच अरुंद रस्ता, समोरून एक म्हातारा लहान गाडी घेऊन आला, डिपर मारला. आई आनंदाने पुढे निघाली. म्हातारा थांबायच्या अजिबात बेतात नव्हता. दोन्ही गाड्या हातभर अंतरावर करकचून उभ्या राहिल्या. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून आभाळाला काहीतरी विचारलं, आणि तोंडाने आमच्या घराण्याबद्दल. भाषा कळत नव्हती, अर्थ शंभर टक्के कळला.

"पोचलो गं घरी," आई म्हणाली, आणि शांतपणे गाडी मागे घेतली.

त्या संध्याकाळी तळ्याच्या भिंतीवर बसून आम्ही पिझ्झा खात होतो. खालून रस्ता जात होता. आई खायची थांबून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे बघत होती, बसच्या खिडकीतून बघायची तशी. बऱ्याच वेळाने म्हणाली, "दिवा बघायचाच नाही. दिवा कुणीही कसाही मारेल. चाक बघायचं. चाकाला खोटं बोलता येत नाही."

मला ते वाक्य लगेच पर्चासाठी हवं होतं. आई म्हणाली, खुशाल घे, पण तुझ्या पर्चाने चाक थांबत नाही, ते मला पायाने थांबवावं लागतं.

पुढचा सगळा प्रवास ती चाकं बघत गेली. समोरची गाडी अरुंद जागी आली की ती तिच्या पुढच्या चाकावर नजर ठेवायची आणि मला आधीच सांगायची: हा थांबणार. हा नाही थांबणार. ही बाई मनात थांबलीय, पण पाय अजून ठरवत नाहीये. फ्रान्सच्या किनाऱ्यावर समुद्र डाव्या हाताला होता. तो मी बघितला, तिने चाकं बघितली. स्पेनमध्ये मैलोन्‌मैल पिवळं रान, वर आडवं ऊन. तिथे टप बंद करून आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. वायपर आता क्वचित फिरायचे. बाबांचे फोन कमी झाले. ठिपका बरा सरकतोय, एवढंच म्हणायचे.

युरोप म्हणजे साधुसंतांचा मुलूख, असं मी म्हणत नाही. तिथेही शहरं गाड्यांनी भरलेली आहेत, आणि दोन माणसांसाठी रणगाड्याएवढ्या गाड्या तिथेही घेतातच. पण एका गावात मी झेब्रा क्रॉसिंगपाशी नुसती नकाशा बघत उभी होते, तर दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या. मला ओलांडायचंच नव्हतं. शेवटी मी लाजेखातर ओलांडलं, आणि मग परत यायला पुन्हा सगळ्यांना थांबवावं लागलं. गाडीत बसलेली आई हसून हसून डोळे पुसत होती.

पोर्तुगालला मामेबहीण बाळाला कडेवर घेऊन फाटकात उभी होती. तिला वाटलं होतं गाडी मी चालवत आणणार. आईला डावीकडच्या सीटवरून दोन्ही पाय बाहेर काढून उठताना बघून ती म्हणाली, "आत्या, तू?" आईने चावी तिच्या हातात दिली आणि तिथूनच मामाला फोन लावला. फोन बोनेटपाशी धरून म्हणाली, दादा, ऐक, आणि बहिणीला इंजिन सुरू करायला लावलं. मामा बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, क्लच नीट वापरलास.

परत आल्यावर आईचं लायसन्स पर्समध्ये गेलं. चावी बाबांच्या खिशात होती. मी वाट बघत होते, आणि खरं सांगते, मला वाटलं आता इथेच सगळं संपणार. परदेशात केलेल्या बऱ्याच गोष्टी परदेशातच राहतात.

थंडी पडली. संक्रांत जवळ आली. मंडळाची बस कस्तुरबा गांधी मार्गावरून सुटणार असल्याचा निरोप आला. जेवताना आई म्हणाली, आपली नावं देऊ नका, मी गाडी नेतेय. बाबांनी घास चावून संपवला. मग म्हणाले, हरियाणाचा रस्ता म्हणजे ऑस्ट्रिया नव्हे.

"माहीत आहे," आई म्हणाली. "मी इटलीतूनपण आलेय."

बाबा डावीकडे बसले, दारावरचा दांडा धरून. मी मागे, माझ्या तत्त्वासकट. धुकं विरळ होईपर्यंत आई निघालीच नाही. बाकीचे लोक पुढे गेले, जाऊ देत म्हणाली. दिल्ली ओलांडली. मुरथलला पराठे खाल्ले, कुणी जुनं काही काढलं नाही. सर्व्हिस रोडला लागलो, आणि समोरून उलट्या दिशेने उसाने भरलेला ट्रॅक्टर डिपर मारत आला.

बाबांनी श्वास आत घेतला आणि नसलेला ब्रेक दाबला. मी त्यांच्या खांद्यावरून पुढे बघितलं. आई दिव्याकडे बघतच नव्हती. तिची नजर खाली, त्या मोठ्या चाकाजवळच्या लहान पुढच्या चाकावर होती. तिने वेग कमी केला, थांबली नाही, आणि त्याच्या बाजूने सावकाश पुढे निघून गेली. ट्रॉलीतल्या उसाचा पाला आमच्या नव्या आरशाला नुसता घासून गेला.

बाबा म्हणाले, "त्याने डिपर दिला होता."

"दिला होता. पण तो थांबला होता."

काला अंबला गर्दी होती. मंडळाची बस आमच्या आधी पोचली होती. सगळ्यांबरोबर आम्हीही स्मारकापाशी उभे राहिलो, नमस्कार केला, ओळखीच्यांना तिळगूळ दिला. एका काकांनी बाबांना विचारलं, गाडी आणलीत का? बाबा म्हणाले, आणली. कुणी आणली ते त्यांनी सांगितलं नाही. मी तोंड उघडलं होतं, आईने डोळ्यांनी मिटवलं.

निघताना बाबा सवयीने उजव्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि आईपुढे हात केला, चावीसाठी. आईने पर्स उघडली. आत लायसन्स होतं, चावी होती, तिळगुळाचा डबा होता. तिने डबा काढला आणि त्यांच्या पसरलेल्या हातावर दोन वड्या ठेवल्या.

"घ्या," ती म्हणाली. "आणि नोएडा येईपर्यंत गोड बोला."

बाबांनी हाताकडे बघितलं. मग एक वडी तोंडात टाकली, गाडीला वळसा घालून डावीकडे गेले, आणि सीट मागे सरकवून बसले.